अश्मयुगीन मूर्तिकांवरून स्त्रीसौंदर्याचा इतिहास लिहिता येतो का?

उत्खननप्रेमी (धागाकर्ती)

स्त्रीसौंदर्याच्या बदलत्या आदर्शांवरचे बहुतेक लेख विलेनडॉर्फच्या मूर्तिकेपासून सुरू होतात. 'हिमयुगात स्थूल स्त्री सुंदर मानली जात असे' हे पहिल्याच परिच्छेदात ठरवून टाकले जाते आणि मग इजिप्त, ग्रीस, रुबेन्सची चित्रे, १९६०च्या दशकातील किडकिडीत मॉडेल अशी वळणे घेत लेख आजच्या काळात येऊन थांबतो. या मांडणीतल्या पहिल्याच विधानाला आधार किती, हे तपासून पाहावे म्हणून हा धागा काढत आहे.

ही मूर्तिका १९०८ साली ऑस्ट्रियात, डॅन्यूब नदीच्या काठी सापडली. उंची सुमारे ११ सेंटिमीटर, दगड चुनखडीचा, वय २५ ते ३० हजार वर्षे. जवळून पाहिले की लक्षात येते, घडवणाऱ्याने शरीराच्या काही भागांवर विलक्षण मेहनत घेतली आहे आणि काही भाग सरळ सोडून दिले आहेत. पोट, स्तन आणि नितंब यांची वळणे नेमकी उतरली आहेत. डोक्याभोवती वेणीचे किंवा विणलेल्या टोपीचे वाटावेत असे वेढे एकाखाली एक कोरले आहेत, पण चेहरा मुळीच नाही. हात काडीसारखे बारीक असून स्तनांवर टेकलेले आहेत. पावले नसल्यामुळे ती स्वतःच्या आधाराने उभी राहू शकत नाही. दगडावर लाल गेरूचे अंश अजून आहेत. मुठीत मावणारी, उभी न राहणारी, चेहरा नसलेली ही वस्तू दुरून पाहून दाद देण्यासाठी केली असेल असे मला वाटत नाही.

इतर मूर्तिका पाहिल्या तर चित्र आणखी विस्कटते. जर्मनीतील होले फेल्स गुहेत २००८ साली सापडलेली मूर्तिका मॅमथच्या दाताची आहे, वय किमान ३५ हजार वर्षे, उंची जेमतेम ६ सेंटिमीटर, आणि डोक्याच्या जागी एक कडी आहे. म्हणजे ती गळ्यात किंवा कमरेला अडकवली जात असावी. उलट फ्रान्समधील ब्रासेम्पुई येथे १८९४ साली मिळालेल्या हस्तिदंती मस्तकाला भुवया, नाक, हनुवटी आहे, तोंड मात्र नाही. बैकल सरोवराच्या परिसरातील माल्टा येथील अनेक मूर्तिका सडपातळ आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या अंगावर तर टोपरे असलेला फरचा पोशाख कोरलेला दिसतो. पुराश्मयुगाचा म्हणून एकच आदर्श यांतून काढायचा असेल, तर निम्म्या मूर्तिका बाजूला ठेवाव्या लागतील.

मग सौंदर्याचा संबंध आला कुठून? १८६४ साली मार्की द व्हिब्रे यांना फ्रान्समध्ये एक मूर्तिका मिळाली आणि त्यांनी तिला 'निर्लज्ज व्हीनस' असे नाव दिले (व्हीनस ही रोमन सौंदर्यदेवता). गंमत म्हणजे ती मूर्तिका सडपातळ आहे. पण 'व्हीनस' हे नाव तोपर्यंत पॅरिसमध्ये आणखी एका संदर्भात रुळलेले होते. दक्षिण आफ्रिकेतील सारा बार्टमन या खोईखोई स्त्रीला १८१० पासून लंडनमध्ये आणि नंतर पॅरिसमध्ये 'हॉटेंटॉट व्हीनस' म्हणून तिकीट लावून दाखवले जात होते. १८१५ साली ती वारल्यावर क्युव्हिए या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने तिच्या देहाचे विच्छेदन केले. तिचे अवशेष १९७०च्या दशकापर्यंत संग्रहालयात मांडलेले होते आणि २००२ साली ते मायदेशी परत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिएत यांच्यासारखे उत्खनक नव्याने सापडणाऱ्या मूर्तिकांची तुलना आफ्रिकी स्त्रियांच्या देहांशी करत होते. तेव्हा या मूर्तिकांना सौंदर्याच्या मोजपट्टीवर चढवण्याची सवय अश्मयुगाची नसून त्या शतकातील संग्रहालयांची आहे, असे माझे मत आहे.

पर्यायी स्पष्टीकरणेही आहेत. लेरॉय मॅकडरमॉट यांनी १९९६ साली मांडले की, मान खाली घालून स्वतःच्याच शरीराकडे पाहणाऱ्या गर्भवती स्त्रीला जसे दिसेल, तसे या मूर्तिकांचे प्रमाण आहे. स्वतःचा चेहरा तिला दिसत नाही, पावलेही पोटाआड जातात. कल्पना सुंदर आहे, पण शेजारी बसलेल्या बाईचा चेहरा तर दिसतच होता, या आक्षेपाला तिच्यापाशी समाधानकारक उत्तर नाही. रिचर्ड जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली असे दाखवले की हिमनद्यांच्या जवळच्या प्रदेशांतील मूर्तिका अधिक स्थूल आहेत. उपासमारीच्या काळात अंगावरची चरबी म्हणजे गर्भारपण निभावण्याची हमी, असा त्यांचा अर्थ. हा अर्थ धरला तरी ती मूर्ती म्हणजे मागणे ठरते, आवड ठरतेच असे नाही.

जाणकारांनी लिहावे.

चौकस

मूर्तिकांविषयीचा मुद्दा मान्य आहे, परंतु त्यामुळे सगळेच सापेक्ष ठरत नाही. देवेंद्र सिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली अमेरिकेतील सौंदर्यस्पर्धांच्या विजेत्या आणि मासिकांमधील मॉडेल यांची काही दशकांची मापे तपासली. त्यांची वजने कमी होत गेली होती, पण कमरेच्या घेराचे नितंबांच्या घेराशी असलेले प्रमाण मात्र ०.७च्या आसपासच राहिले होते. आरोग्य आणि प्रजननक्षमता यांची ही खूण असल्यामुळे पुरुषांची नजर उत्क्रांतीच्या ओघात तिच्यावर स्थिरावली, असे ते सांगत.

लिखित आणि शिल्पित परंपरेतही हे दिसते. दीदारगंजची यक्षी १९१७ साली पाटण्याजवळ गंगेच्या काठी सापडली. चुनारच्या वालुकाश्मावर आरशासारखी झिलई, भरदार ऊर, निमुळती कंबर आणि रुंद नितंब. कालिदासाच्या यक्षपत्नीचीही कंबर बारीक आहे आणि नितंबांच्या भारामुळे तिची चाल मंद आहे. काळाबरोबर वजन बदलते, वर्ण बदलतो, केशरचना बदलते, पण घाट टिकून राहतो, असे का म्हणू नये?

उत्खननप्रेमी

म्हणता येईल, पण सिंग यांनी स्त्रीदेहाची रेखाचित्रे दाखवून ज्यांना आवड विचारली ते सगळे एकाच प्रकारच्या चित्रांवर पोसलेले नव्हते ना, हे आधी पाहावे लागेल. डग्लस यू आणि ग्लेन शेपर्ड यांनी १९९८ साली पेरूमधील मात्सिगेन्का लोकांपुढे तीच रेखाचित्रे ठेवली. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध नसलेल्या गावातील पुरुषांनी जाड आणि कमी वळणाच्या आकृती पसंत केल्या आणि बारीक कमरेच्या आकृती आजारातून उठल्यासारख्या दिसतात असा शेरा मारला. बाहेरच्यांशी जास्त संपर्क असलेल्या गटांची आवड मात्र पाश्चात्त्यांच्या जवळ जाणारी होती. टांझानियातील हाड्झा लोकांनीही आधी वजन पाहिले, घाट नंतर. पुढे मार्लो यांनी समोरून काढलेल्या चित्रांऐवजी बाजूने काढलेली चित्रे दाखवली, तेव्हा हाड्झा पुरुषांनी मागे उठाव असलेल्या आकृती निवडल्या. म्हणजे रेखाचित्र कोणत्या बाजूने काढले यावरही 'वैश्विक' आवड अवलंबून होती.

यक्षीबद्दल एवढेच म्हणेन की तिच्या कमरेवर वळ्या आहेत आणि शिल्पकाराने त्या कौतुकाने कोरल्या आहेत. आज त्याच वळ्या छायाचित्रातून आधी पुसल्या जातात.

जुनी वही

अश्मयुगाच्या उत्तरार्धाबद्दल एक भर घालते. तुर्कस्तानातील चाताल ह्योयूक येथे १९६१ साली दोन श्वापदांच्या मस्तकांवर हात टेकवून बसलेली एक पृथुल स्त्री सापडली आणि ती मातृदेवता म्हणून जगप्रसिद्ध झाली. २०१६ साली तिथेच सुमारे ८ हजार वर्षांपूर्वीची, १७ सेंटिमीटर लांबीची, एक किलो वजनाची संगमरवरी मूर्ती मिळाली. उत्खनकांनी ती बारकाईने पाहिली तेव्हा ओघळलेले स्तन आणि सैल पोट ही गर्भारपणाची लक्षणे नसून उतारवयाची असावीत, असे त्यांना वाटले. गावात मान असलेल्या वयस्क स्त्रियांच्या या प्रतिमा असाव्यात, असा त्यांचा कयास आहे. आपण स्त्रीची कोणतीही जुनी प्रतिमा दिसली की सौंदर्य किंवा सुपीकता या दोनच कप्प्यांत टाकतो. अधिकार हा तिसरा कप्पा आपल्याला आठवतच नाही.

पाऊलखूण

चर्चा आतापर्यंत आवडनिवडीभोवती फिरत आहे. माझ्या मते आदर्श बदलण्याचे कारण आवडीत शोधणेच मुळात चुकीचे आहे, आणि त्यासाठी चीनसारखे उदाहरण दुसरे नाही.

तिथे तांग काळात, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकात, गोल चेहऱ्याच्या आणि भरल्या अंगाच्या स्त्रिया दरबारी चित्रांत आणि थडग्यांतील मृण्मय बाहुल्यांत दिसतात. यांग ग्वेफेई ही सम्राटाची प्रिया त्या आदर्शाची नायिका. त्याआधी हान काळातील जाओ फेयेन ही सम्राज्ञी कृश देहासाठी आणि नृत्यासाठी वाखाणली गेली होती. चिनी लोक या दोघींची नावे आजही जोडीने घेतात. इथवर हा फॅशनचा लंबक म्हणता येईल. पण दहाव्या शतकाच्या सुमारास पाय बांधण्याची प्रथा सुरू झाली, सोंग काळात ती उच्च कुळांत पसरली आणि पुढे शेतकऱ्यांच्या घरापर्यंत पोहोचली. तिला लंबकाचा नियम लागू होत नाही.

मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की पायाचा अंगठा मोकळा ठेवून उरलेली चार बोटे तळव्याखाली दुमडली जात. लांब पट्टीने टाच आणि पुढचा पाय एकमेकांकडे इतके ओढले जात की कमानीचे हाड मोडून तळव्याला खोल घडी पडे. पट्टी ठरावीक दिवसांनी सोडून, पाय धुऊन, पुन्हा अधिक घट्ट बांधली जाई. आदर्श पाऊल सुमारे १० सेंटिमीटर लांबीचे. हे काम बहुधा आईच करी, आणि मुलीचे रडणे तिला ऐकू येत नव्हते असे नाही. मोठ्या पायांच्या मुलीला चांगले स्थळ मिळणार नाही, हे तिला ठाऊक होते. मांचू राज्यकर्त्यांनी सतराव्या शतकात ही प्रथा थांबवण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्यांच्या स्वतःच्या स्त्रिया पाय बांधत नसत, पण तळव्याच्या मध्यभागी उंच ठोकळा असलेले जोडे घालत, आणि त्यामुळे त्यांचीही चाल तशीच डगमगती होई.

लॉरेल बॉसन आणि हिल गेट्स यांनी खेड्यांतील सुमारे १,८०० वृद्ध स्त्रियांच्या मुलाखतींवरून दाखवले आहे की, जिथे मुली लहान वयातच घरात बसून सूतकताई आणि विणकाम करत, तिथे पाय बांधण्याचे प्रमाण जास्त होते. गिरणीचे स्वस्त सूत आणि कापड आल्यावर हे हातकाम बुडाले आणि त्याच सुमारास प्रथाही ओसरली. म्हणजे ज्याला कवी सौंदर्य म्हणत होते, ते खेड्यातल्या घरात मुलीला एका जागी कामाला बसवण्याचे साधनही होते.

प्रथा मोडण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. १८९५ नंतर शहरोशहरी मंडळ्या निघाल्या. त्यांच्या सभासदांनी दुहेरी शपथ घ्यायची असे: मुलींचे पाय बांधणार नाही आणि बांधलेल्या पायांची सून करणार नाही. जेरी मॅकी या राज्यशास्त्रज्ञाने म्हटले आहे की, यातला दुसरा भाग निर्णायक होता. एकट्या कुटुंबाने प्रथा सोडली तर त्यांची मुलगी मागे राहते, पण शंभर कुटुंबांनी एकत्र सोडली तर वधूवरांचा नवा बाजार तयार होतो. १९१२ साली प्रजासत्ताकाने बंदी घातली, पण जिथे या शपथा पोहोचल्या नव्हत्या त्या दूरच्या खेड्यांत ही प्रथा पुढेही काही दशके टिकली.

काजळमाया

जपानचे उदाहरण याला पूरक आहे, आणि पुष्कळसे सौम्य. लोखंडाचे तुकडे आंबट द्रवात मुरवून, त्यात मायफळासारख्या तुरट पदार्थाची पूड मिसळून स्त्रिया दात काळे करत. हेयान काळातील (आठव्या ते बाराव्या शतकातील) दरबारात मूळ भुवया काढून कपाळावर वरच्या बाजूला नव्या धूसर भुवया रंगवल्या जात. हा शिरस्ता शतकानुशतके टिकला. १८७० साली सरकारने उमराव घराण्यांना दात काळे करण्यास मनाई केली, १८७३ साली सम्राज्ञी स्वतः पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली, आणि मग शहरांतील स्त्रियांनी तिचे अनुकरण सुरू केले. दातांवरचा तो लेप किडीपासून संरक्षण देत होता, हे मात्र कोणी लक्षात घेतले नाही.

युरोपात त्याच्या उलट. तिथे कित्येक शतके चेहऱ्याला सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, फासला जाई. कातडी खराब झाली की ती झाकण्यासाठी आणखी सफेदा. लंडनची गाजलेली सौंदर्यवती मारिया गनिंग १७६० साली तिशी गाठण्यापूर्वीच वारली. तिचा मृत्यू याच प्रसाधनामुळे झाला असे मानले जाते.

चौकस

वरच्या दोन्ही प्रतिसादांतली उदाहरणे समाजाने लादलेल्या टोकाच्या प्रथांची आहेत. चेहऱ्याचे काय? तिथे तरी काही स्थिर असावे. ग्रीक चित्रकार झ्यूक्सिसने हेलेनचे चित्र काढण्यासाठी पाच तरुणींना निवडले आणि प्रत्येकीचे उत्तम तेवढे घेतले, अशी कथा प्राचीन लेखकांनी सांगितली आहे. त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी, १८७८ साली, फ्रान्सिस गॅल्टनने गुन्हेगारांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे एकमेकांवर छापून 'गुन्हेगारी चेहरा' शोधू पाहिला, पण हाती आलेला मिश्र चेहरा मूळ चेहऱ्यांपेक्षा देखणा निघाला. १९९० साली लँगलॉइस आणि रॉगमन यांनी संगणकावर अनेक चेहऱ्यांची सरासरी काढली, तेव्हा पाहणाऱ्यांनी सरासरी चेहऱ्यालाच अधिक पसंती दिली. सरासरी चेहरा डाग, वैगुण्य आणि असमतोल पुसून टाकतो, आणि ही आवड कोणत्याही काळात बदलण्याचे कारण दिसत नाही.

जुनी वही

हा धाग्यातला सर्वांत भक्कम आक्षेप आहे, पण सरासरी कोणाची, हा प्रश्न राहतोच. माणूस आयुष्यभर जे चेहरे पाहतो त्यांचीच सरासरी त्याच्या मनात बसणार. पूर्वी ती आसपासच्या काहीशे माणसांची असे. त्यांत देवीच्या रोगाचे व्रण असलेली माणसे होती, दात पडलेली होती, म्हातारी होती.

इजिप्तची राणी नेफर्टिटी हिच्या अर्धपुतळ्याचेच पाहा. १९१२ साली अमार्ना येथे शिल्पकार थुटमोसच्या कार्यशाळेत तो सापडला आणि तेव्हापासून तो निर्दोष चेहऱ्याचा नमुना म्हणून मिरवला जातो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनमध्ये बाहेरच्या लेपाखाली चुनखडीत कोरलेला दुसरा चेहरा दिसला. त्याच्या नाकावर किंचित उंचवटा आहे, गालफडे कमी उठावाची आहेत आणि ओठांच्या कडेला सुरकुत्या आहेत. शिल्पकाराने आधी बहुधा तिला पाहून कोरले आणि मग वरच्या थरात दुरुस्त्या केल्या. सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीची ही सफाई आहे. फरक इतकाच की त्या काळी असा दुरुस्त केलेला चेहरा सामान्य स्त्रीच्या नजरेस क्वचितच पडत असे. आज तिच्या हातातल्या फोनवर तिचा स्वतःचाच चेहरा फिल्टरने दुरुस्त होऊन समोर येतो, आणि प्लास्टिक सर्जनकडे जाताना काही जण तोच नमुना म्हणून नेतात.

तळटीप

प्रतिमा पसरल्यामुळे आदर्श किती वेगाने बदलतो, याचा दुर्मीळ पुरावा फिजीमध्ये मिळाला. तिथे धट्टीकट्टी अंगकाठी चांगली मानली जाई. माणूस बारीक झाला तर त्याच्याकडे आप्तांचे लक्ष नाही, असा अर्थ घेतला जाई. म्हणजे शरीर त्या व्यक्तीपेक्षा तिच्या नात्यागोत्यांविषयी अधिक सांगत असे. नाड्रोगा प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ साली किशोरवयीन विद्यार्थिनींची पाहणी केली. खाण्याविषयीच्या विकृत वृत्तीची चाचणी धोक्याच्या पातळीपलीकडे गेलेल्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या, नंतर त्या ११.३ टक्के होत्या. मुलींनी सांगितलेले कारणही नोंद घेण्यासारखे आहे. पडद्यावरच्या स्त्रियांना नोकऱ्या होत्या, पैसा होता. तसे आयुष्य हवे तर तसे शरीर हवे, असा त्यांचा हिशेब होता. निव्वळ देखणेपणाची हौस नव्हती.

पाऊलखूण

तळटीप यांचे शेवटचे वाक्य चीनच्या उदाहरणाशी थेट जुळते. आईला चांगले स्थळ हवे होते, फिजीतील मुलीला चांगली नोकरी. दोघींनीही शरीराकडे प्रवेशपत्र म्हणून पाहिले.

म्हणूनच आजच्या उपायांविषयी मी फार आशावादी नाही. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचे शरीर सडपातळ किंवा जाड दिसावे म्हणून बदललेल्या जाहिरातीच्या छायाचित्रावर तसे लिहिण्याची सक्ती आहे. नॉर्वेने जुलै २०२२ पासून समाजमाध्यमांवरील सशुल्क जाहिरातींनाही असाच नियम लावला. अशा सूचनांवर झालेल्या प्रयोगांत मात्र, चित्र बदललेले आहे हे वाचूनही पाहणाऱ्या तरुणींचे स्वतःच्या शरीराविषयीचे असमाधान बहुतांशी कमी झालेले आढळले नाही. सूचना एका छायाचित्राबद्दल बोलते. शपथेने मात्र समोरच्या पक्षाला, म्हणजे सून निवडणाऱ्यांना, बांधून घेतले होते.

उत्खननप्रेमी

इथे एक अडचण आहे. शपथ घेणारी कुटुंबे एकमेकांना ओळखत होती आणि लग्ने आपसांतच जुळणार होती, म्हणून ती टिकली. आज समोरचा पक्ष म्हणजे जाहिरातदार, नोकरी देणारे, प्रसाधनांचे आणि शस्त्रक्रियांचे व्यावसायिक आणि फोनवर अनोळखी चेहरे क्रमाने पुढे आणणारी संगणकीय गणिते (अल्गोरिदम). यांतल्या मॉडेल-संस्थांना कायद्याने पकडता येते. इस्राएलने २०१२ साली मॉडेलसाठी शरीरभारांकाची (बीएमआय) १८.५ ही किमान मर्यादा घातली, ती नोकरी देणाऱ्यावर बंधन आणणारी असल्यामुळे सूचनांपेक्षा मला जास्त अर्थपूर्ण वाटते. बाकीच्यांशी शपथ कोणी आणि कशी घ्यायची, यावर पाऊलखूण यांनी किंवा इतर कोणी लिहिले तर वाचायला आवडेल.